पेटी थेट पुढे जाईल

५ ऑक्टोबर २००३, दसरा

बंदुकीची पूजा केली. तीस वर्षं करते आहे. सासऱ्यांची दोननळी, निजामाच्या काळातली. हळद, कुंकू, झेंडू, ज्वारीचं कणीस. आरती झाली की हे लगेच तेलाच्या फडक्यानं कुंकू पुसून काढतात. नळीला गंज चढतो म्हणे.

आज पुसता पुसता बोलले — उन्हाळ्याच्या आत नामिबियाला जायचं. अंगदरावांनी बोलावलंय. जावई तिकडं एका मोठ्या शेतावर यंत्रं सांभाळतात. शेतावर तित्तरं लई, अन् शिकार कायद्यानं चालते. त्यांचं तिथलं कंत्राट मे अखेर संपतं, मग ते शहरात जाणार. म्हणजे काय ते आत्ताच.

मी म्हटलं, तिकडं भाड्यानं मिळतात की बंदुका.

"बापाच्या बंदुकीनं एकदा तरी तित्तर पाडायचं हाये. बहात्तर साली शिकारबंदी झाली तवापासून नुस्ते पिकातले रोही हाकलून राहिलो."

लेकीचं, साधनाचं, नावही निघालं नाही. तिला तिसरा महिना लागलाय.

७ ऑक्टोबर

झोप लागेना. साधनाचं दोन वेळा पाचव्या महिन्यात गेलं. दोन्ही वेळा ती तिकडं, मी इकडं.

पोटुशी असलेल्या घरात जीव मारू नये. माझ्या आईनं सांगितलेलं. साधनाच्या वेळी सासूबाईंनी काडतुसांचा डबा स्वतःच्या पेटीत कुलूप घालून ठेवला होता — नऊ महिने. यांनी तेव्हा ऐकलं. आज आठवण दिली तर हसले. "ते पोराच्या बापाला लागतं. आजाला लागत न्हाई."

यांना चेष्टा सुचते.

१३ ऑक्टोबर

अंगदरावांना पत्र टाकलं. लाजत लाजतच लिहिलं, पण लिहिलं. बाळ हातात येईपर्यंत तुम्ही तरी कुठल्या जिवाला मारू नका.

सोमवार धरतेच. आता शनिवारही धरला.

९ नोव्हेंबर

उत्तर आलं. "मामी, बंदुकीला हात लावणार नाही." शहाणा मुलगा. पत्र देवासमोर ठेवलं.

खाली यांच्यासाठी दोन ओळी — मामा, माणूस कुठूनही येईल, बंदूक येत नाही. विमान बदलताना कोणत्या देशात पेटी उतरते ते आधी पाहा.

१६ नोव्हेंबर

नांदेडला तिकिटाच्या माणसाकडे गेलो. तरुण पोरगा. बंदूक म्हटल्यावर खुर्ची मागं सरकवली त्यानं. "काका, माझ्याकडं मक्केला उमऱ्याला जाणारे येतात, दुबईला जाणारे येतात. बंदूकवालं कुणी आलं नाही आजवर." विमान कंपन्यांचे फॅक्स नंबर लिहून दिले अन् सुटला.

येताना एसटीत हे म्हणाले, "तूच लिही आता. मॅट्रिक हायेस."

इंग्रजीत बावन्न मार्क होते. त्यांचा उपयोग हा असा होणार होता!

२२ नोव्हेंबर

साधनाचा शाळेतला नकाशा काढला. तिच्या हातची रेघ अजून आहे त्यावर, गोदावरीची, निळ्या पेन्सिलीची. हिंगोली नाही त्यात. विंडहूक आहे, एक टिंब.

हे माझ्या शेजारी येऊन बसले. कितीक वर्षांत असे बसले नव्हते. कंपन्यांची उत्तरं वाचत मी बोट फिरवायचं अन् यांनी विचारायचं.

दुबईवरून — तिथं पेटीसाठी आधी लेखी परवानगी लागते, मिळेलच असं नाही. जर्मनीवरून — तिथून विंडहूकला थेट विमान आहे, पण आधी पार वर जायचं अन् मग तेवढंच खाली यायचं. गोरेगावहून सेनगावला जायला कनेरगाव नाका गाठल्यासारखं. उरलं जोहान्सबर्ग. तिथं विमानं लागून असली तर पेटी परस्पर पुढं जाते. मधे रात्र पडली तर पेटी हातात घ्यावी लागते, अन् मग तिथल्या पोलिसांचा कागद हवा. तो नसला तर बंदूक तिथंच अडकते.

"मंजी पेटी खाली उतरली न्हाई पायजे," हे म्हणाले.

"व्हय."

"हुशार हायेस तू."

हे मला कधी म्हणाले नव्हते. अन् म्हणाले ते बंदुकीपायी.

३० नोव्हेंबर

साधनाच्या बाळंतपणाला अंगदरावांच्या आई जाणार. ठरलंसुद्धा. बूथवरून फोन केला तेव्हा सहज सांगितलं तिनं. माझं तिकीट कुणी काढायचं, काढायचं का, कुणी बोललं नाही. मीही नाही बोलले. म्हशी कोण पाहील.

२१ डिसेंबर

पाचवा महिना पार पडला. कुणाला सांगू? देवाला सांगितलं.

६ जानेवारी २००४

बंदूक देशाबाहेर न्यायचा कागद झाला. ३१ मार्चपर्यंतच चालेल. पाच खेपा झाल्या हिंगोलीच्या. हे लेकरासारखे खूश. पेटी आतून जुन्या गोधडीनं मढवली. माझ्या गोधडीनं.

२० जानेवारी

विमान कंपनीचा फॅक्स आला. हरीशनं बूथ बंद करून स्वतः आणून दिला. "काकू, मशीनचा कागद हाये, झेरॉक्स काढून ठेवा. अक्षर उडतं याचं." हो म्हटलं.

चुलीपाशी वाचला. तीन वेळा. पेटीला कुलूप असावं, काडतुसं निराळ्या डब्यात. जोहान्सबर्गला उतरवायची गरज नाही, पेटी थेट पुढे जाईल. १७ फेब्रुवारीच्या विमानात जागा आहे. तिकीट पंधरा दिवसांत घ्यावं.

सतरा फेब्रुवारी. साधनाला सातवा.

हे शेतातून आले. हातपाय न धुताच समोर बसले. "वाच."

वाचलं. म्हणजे — वाचलं नाही. कागदावर बोट ठेवून सांगितलं, पेटी जोहान्सबर्गला उतरणार. तिथल्या पोलिसांचा कागद आणा. सहा आठवडे लागतात. त्याच्याशिवाय जागा नाही.

यांनी कागदाकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत होते.

"तू म्हणतीस तर तसंच असंल. मार्चात जाऊ मंग." अन् फॅक्स माझ्याकडेच दिला. "नीट ठेव. तुझ्याजवळ हरवत न्हाई."

पोथीच्या कापडात बांधून ठेवला.

२१ जानेवारी

आयुष्यात पहिल्यांदा यांच्याशी खोटं बोलले. तेही देवाच्या नावानं. बाळ एप्रिलअखेर. मार्चात काहीतरी कारण निघेल, मे महिन्यात हे जातील, कंत्राट संपायच्या आत. हिंगोलीचा कागद वाढवून घेऊ. कुणाचंच काही जाणार नाही.

१ फेब्रुवारी

अंगदराव बिचारे तिकडून पोलिसांच्या कागदाच्या मागे लागलेत. जोहान्सबर्गला फोनवर फोन. ज्याची गरज नाही त्या कागदासाठी.

१७ फेब्रुवारी

आज ते विमान गेलं असेल. हे दिवसभर हरभऱ्यात होते. मला विचारलं, आज बोलत काहून न्हाई? उद्या महाशिवरात्र, उपास आहे म्हटलं. उपासाला आणि बोलण्याला काय संबंध!

१८ फेब्रुवारी

औंढ्याला जाऊन आले. रांगेत पाच तास. पिंडीवर हात ठेवला. काय मागायचं ठरवलं होतं ते आठवेना.

२९ फेब्रुवारी

रेडिओवर सांगितलं, लोकसभेची निवडणूक लागली. हे ऐकत होते, मी भाकरी थापत होते.

४ मार्च

गोरेगाव ठाण्यातले धर्मसिंग जमादार आले. चहा घेतला, खाली बघत म्हणाले, "मालक, इलेक्शन हाये. बंदूक जमा करा लागती. मलाबी वाईट वाटून राहिलं." दर निवडणुकीला करतोच की जमा! तीस वर्षं पावत्या मीच ठेवल्या आहेत. अन् रेडिओवर ऐकूनही मलाच सुचलं नाही.

आता निकाल लागेपर्यंत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, बंदूक ठाण्यात. हिंगोलीचा कागद महिनाअखेर बाद, बंदूक जमा असताना वाढवून मिळत नाही. नवा काढायला तीन महिने. अंगदराव तोवर शेत सोडणार.

हे बंदूक गोधडीच्या पेटीतून काढून घेऊन गेले. पायीच. पावती आणून माझ्या हातात दिली.

१९ मार्च

जोहान्सबर्गचा कागद आला. शिक्का फार सुंदर आहे.

२८ मार्च

घरात दोन माणसं अन् एक रिकामी पेटी. हे शनिवारी सवयीनं तेलाचं फडकं काढतात, पेटीच पुसतात. मला काही म्हणत नाहीत. म्हणायला यांना ठाऊकच काय आहे! बंदुकीशिवाय जा म्हटलं, तर म्हणाले, "रिकाम्या हातानं जाऊन काय पाहू?" नकाशा मी उचलून ठेवला. शेजारी बसायचं कारण गेलं.

११ एप्रिल

काही नाही.

२७ एप्रिल

मुलगी झाली! दोघी सुखरूप. हरीश धावत बोलवायला आला, चप्पल न घालता गेले.

साधनाचा आवाज थकलेला, पण हसरा. म्हणाली, आई, आता सांगते, रागवू नको. अंगद दर रविवारी शिकारीला जात होते. नऊही महिने.

"मी पण खाल्लं, आई. फ्रीज भरलेला असायचा. तुला लिहिलं नाही, तू उगीच उपास वाढवले असतेस."

मी बरं म्हटलं. बाळाचं वजन विचारलं. सव्वातीन किलो.

घरी आले. यांनी गावभर पेढे वाटायला पाठवले. मग माझ्याजवळ ओट्यावर बसले.

"तुझंच बराबर होतं. पोटुशीच्या घरी जीव मारू नये. इलेक्शननं आडवलं ते बरंच झालं. पोरगी जगली."



३ मे

सोमवार. पूजा झाल्यावर पोथीचं कापड सोडलं. फॅक्स काढला, यांच्यासमोर ठेवायला.

कागद कोरा आहे, अक्षर उडालंय. खिडकीशी नेऊन पाहिला. तारीख नाही, ओळ नाही, विमान नाही. आता कुणालाच कधी कळायचं नाही.

हे अंगणात पेटी पुसत बसलेत. चहा उकळतो आहे. तो घेऊन जाते. कागदही नेते, अन् बोट ठेवून, त्यात होतं तसं, बराबर वाचून दाखवते.