उलट्या खवल्यांचा टाका

प्रिय बाबा,

आधी खुशाली सांगते, नाहीतर पाकीट बघूनच तुम्ही घाबराल. चिमणी छान आहे, धरून धरून चालते, दिसेल ते तोंडात घालते. मीही बरी आहे. पत्र अशासाठी, की फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता आणि आई मला भाजी काय केली ते विचारते. पत्र काही आईच्या हातात देऊन मोकळं होता येणार नाही. माझी शाळा लवकर सुटली, तेव्हा काना-मात्रा तुम्हीच सांभाळून घ्या.

तर आमच्याकडे स्कूटर आलीय. जुनी, तुमच्या वेळची, फुगीर पोटाची, मुठीत गिअरवाली. नव्याने बांधलेली, हे मला बघताक्षणीच कळलं. रंग दुधात थोडा हिरवा कालवावा तसा, आणि चकाकी अशी की चिमणी तिच्यात स्वतःला बघून हसते. ह्यांना लहानपणापासूनची हौस. विकणाऱ्याने सांगितलं, एकदम ओरिजिनल आहे, कारखान्यातून निघाली तशीच, एका म्हाताऱ्याने नुसती झाकून ठेवली होती. ह्यांनी घरी येऊन मला तेच जसंच्या तसं ऐकवलं, म्हाताऱ्याच्या खोकल्यासकट. मला हसूच आलं. प्रत्येक जुन्या गाडीला असा एक म्हातारा असतो, असं तुम्हीच म्हणायचात ना?

पण बाबा, खरं सांगू, मला आधी भीती नाही वाटली, उत्सुकता वाटली. किती वर्षांनी अशी गाडी जवळून बघत होते! दुपारी सासूबाई आणि चिमणी झोपल्या की मी तिच्याभोवती मांजरासारखी फिरायचे. ब्रेकच्या पायपट्टीवर रबर कोरं करकरीत, पण काढून बघितलं तर खालचं लोखंड झिजून गुळगुळीत. म्हातारीने नवी कवळी लावावी तसं. झाकून ठेवलेल्या गाडीचा ब्रेक इतका कुणी दाबला? स्क्रू बघितले, तर अर्धे एका चिरेचे आणि अर्धे फुलीचे, कारखाना असे दोन जातींचे लावेल का? सांगाड्यावर ठोकलेला नंबर बघितला, तर त्यातला एक आकडा दारू प्यायल्यासारखा कलंडलेला. मग पेटीतून आपलं चुंबक काढलं. हो, तेच, तुम्ही मला खेळायला दिलेलं. आठवतं का, गॅरेजात गाडी आली की तुम्ही म्हणायचात, "चिकटे, जा, बघ कुठे चिकटत नाही ते." आणि मी फडकं गुंडाळलेलं चुंबक घेऊन गाडीभर फिरायचे, रंगाला ओरखडा न पाडता. जिथून ते खाली पडायचं तिथे तुम्ही खडूने गोल काढायचात. पत्रा नाही, पुट्टी आहे.

तसंच फिरवलं. बाजूच्या फुग्यांना घट्ट धरलं. पुढच्या पत्र्याला धरलं. आणि पाय ठेवायच्या जागी, जिथे चिमणी उभी राहणार, तिथे टपकन खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू काय इंजिनियर झालीस का?" सासूबाई म्हणाल्या, "अगं, सून आणली की पोलीस?" मी अंगणात धुण्याचं पाणी ओतलं आणि ह्यांना म्हटलं, गाडी त्यावरून सरळ ढकलत न्या. नेली. मागे दोन रेघा उमटल्या, एकमेकींना खेटून. तुम्ही शिकवलं होतं, सरळ गाडीची दोन्ही चाकं एकाच रेघेवरून जातात. ह्यांनी रेघा बघितल्या आणि म्हणाले की जमीनच वाकडी आहे. जमीन वाकडी! माणूस वाईट नाही बाबा. हौसेपुढे आंधळा झालाय, एवढंच. ह्यांना चिमणीला पुढे उभं करून उतारावरून नदीपर्यंत न्यायचंय. त्यांना कुणी कधी नेलं नाही, म्हणून.

मग मला सुचला तो उद्योग केला. गाडी सुरूच होऊ नये म्हणून तिचा प्लग काढून चिमणीच्या लोकरी मोज्यात लपवला. ह्यांनी सगळ्या गल्लीवर संशय घेतला आणि दुसरा आणला. तोही दुसऱ्या मोज्यात गेला. आता तिसरा आणलाय आणि तो खिशात घेऊन हिंडतात, झोपतानासुद्धा उशाखाली. माझे मोजे संपले. शेवटी मी रडले तेव्हा चिडून म्हणाले, "तुझ्या बाबांची भीती तुझ्या अंगात शिरलीय. पाववाल्याचं झालं ते झालं, म्हणून सगळं जग मोडतं का?"

पाववाल्याचं नाव या घरात निघालं आणि मला तो दिवस सगळा दिसला. तुम्ही वेल्डिंगचा टाका मारून जोडून दिलेली त्याची गाडी पावाच्या पेट्यांसकट उतारावर मधोमध दुमडली. त्याचा पाय गेला. तुम्ही तिथेच रस्त्यावर म्हणालात, "माझा टाका सुटला." कुणी विचारायच्या आत म्हणालात. संध्याकाळी भंगारवाला ती गाडी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवसापासून गॅरेजचं दार बंद. तेव्हापासून तुम्ही सायकलचं चाकसुद्धा फिरवून बघितलं नाहीत.

आता जे लिहितेय ते सावकाश वाचा. काल मी गाडी स्टँडवर लावली, तोंड बघायचा आरसा खाली सरकवला आणि बॅटरी मारली. काळा डांबरी रंग फासलेला होता, तो चमच्याच्या दांड्याने खरवडला. खाली टाका निघाला. जुना टाका, नव्या कामाच्या खूप आधीचा. माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, एकसारखा. आणि खवले उलटे, बाबा. डावऱ्या हाताचे. शेवटी शेपटी आत वळवलेली, तुम्ही वळवायचात तशी. मी तिथेच फरशीवर आडवी पडून बघत राहिले. जगात डावखुरे वेल्डर तुम्ही एकटेच नाही, हे मला कळतं. दुसऱ्या कुणाचा असेल. पण मी बोटाने चाचपला, दांड्याने ठोकला, तो हलला नाही. आणि त्याच्या बोटभर शेजारी दांडा टेकवला तर आरपार गेला. जुना पत्रा गंजून वाळक्या पानासारखा झालाय. टाका जागेवर आहे, पत्रा गेलाय.

पाववाल्याच्या गाडीखाली तेव्हा कुणी आरसा धरला होता का? रात्रभर मी हाच विचार करतेय. तुमचाच टाका सुटला होता, असंही असेल. मी काही शपथेवर सांगत नाही. पण त्या दिवशी कुणी बघितलंच नाही, तुम्हीसुद्धा नाही.

म्हणून लिहितेय. ह्यांनी काल मला शब्द दिलाय, की तुझे बाबा स्वतः येऊन गाडी बघून नको म्हणाले, तर चिमणीला बसवणार नाही. तुम्ही येणार नाही याची खात्री आहे, म्हणूनच दिलाय. माझ्या दोन रेघा ते मानत नाहीत, तुमचं मानतील. रविवारी सकाळी निघायचं ठरलंय. तुम्ही शनिवारी या. पाना धरायचा नाही, हात काळे करायचे नाहीत. आरसा मी धरते, बॅटरी मी धरते. तुम्ही फक्त खाली वाका आणि तो टाका कुणाचा आहे ते मला सांगा.

वाट बघणारी, तुमचीच
चिकटी