प्रबळगडावरची हाक

रविवार, १७ ऑक्टोबर १९५४

पनवेलचं हे गॅरेज मला कितीला पडलं असं लोक विचारतात, आणि मी हसून पागडीचा आकडा सांगतो. खरा हिशेब इथे लिहितो. पागडी तर गेलीच. वर हॅनाचं शिवणयंत्र गेलं, माझी बिनघोर नोकरी गेली, भायखळ्याची खोली गेली. आणि सगळ्यात महाग गेलं ते हॅनाचं आगबोटीचं तिकीट. तिची आई, दोघे भाऊ, वहिन्या इस्रायलला निघाल्या तेव्हा तिचंही नाव त्यांच्या कागदांत होतं. मी म्हटलं, मला स्वतःचं दुकान टाकायचंय. तिने नाव काढून घेतलं.

पण जागा झकास! पुढे पुण्याचा रस्ता, रस्त्याला लागून गॅरेज, मागे अंगण, अंगणापलीकडे आमच्या दोन खोल्या. मागच्या दारात उभं राहिलं की पूर्वेला अख्खा प्रबळगड. चौकटीला मेझुझा, आम्हा यहुद्यांची प्रार्थनेची डबी, मीच ठोकली. हॅनाने तिला बोटं लावून ओठांना टेकवली आणि लगेच म्हणाली, एवढा मिस्त्री, आणि स्क्रू ढिला.

संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. भाताची लॉरी. ड्रायव्हर म्हणे गिअरबॉक्स गेला. मी बॉनेट न उघडता सांगितलं, टॅपेट आहे. टॅपेटच निघाला. कान हीच माझी इस्टेट. लॉरी पुढ्यात गुरगुरत असली तरी मागच्या दाराची कडी वाजली की मला कळतं, हॅना बाहेर निघाली. त्यावर ड्रायव्हरशी पैज मारून चहासुद्धा जिंकला.

रविवार, २४ ऑक्टोबर

शेजार चांगला लाभला. बळीराम मिठागरावर मुकादम आहे. त्याची बायको भामा म्हणजे तोंडाने खट्याळ आणि मनाने मोकळी. आल्या दिवसापासून हॅनाला सोडत नाही. कुठली मासळी कोणाकडून घ्यायची, ते सगळं तिनेच शिकवलं. आमच्यात खवल्यांशिवायची मासळी चालत नाही म्हटल्यावर कोळंबीची तिला आमच्यापेक्षा जास्त हळहळ वाटली.

आज मी गॅरेजातून हॅनाला नावाने हाक मारली तर भामाने पदर तोंडात कोंबला. तिच्या लग्नाला किती वर्षं झाली देव जाणे, बळीराम अजून तिला ‘अगे’ म्हणतो आणि ती त्याला ‘आवं’. म्हणाली, ‘आमच्यात नाव घेतला त भाकर करपते, मिस्त्री.’ मी म्हटलं, आमच्यात नाही घेतलं तर करपते. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी हॅनाला सांगून टाकलं होतं, अहो-जाहो नको, सरळ सॉल म्हण.

ती दोघं गेल्यावर हॅना तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, इथे कोणी मला बाई म्हणतं, कोणी मिस्त्रीणबाई. हॅना म्हणणारा तू एकटाच उरलास. मी म्हटलं, बरं झालं, दहा जणांच्या वाटच्या हाका मीच मारीन. हसली. बऱ्याच दिवसांनी.

दिवाळी झाली की एका रविवारी प्रबळगड चढायचा बेत आहे. भामाचं माहेर पायथ्याशीच आहे. हॅनाला वरून समुद्र पाहायचाय. आगबोटी दिसतात का, असं बळीरामला विचारत होती.

सोमवार, १ नोव्हेंबर

काल गडाच्या माथ्यापर्यंत पोचलो नाही. सगळं नीट लिहितो.

उजाडायच्या आत लॉरीने निघालो. भामाच्या माहेरी चहा घेतला आणि चढाला लागलो. गवत पिवळं पडलेलं, कमरेइतकं. सोनकी अजून टिकून होती. हॅना पोरीसारखी चढत होती, धापा मीच टाकत होतो. भामा म्हणाली, ‘लॉरीला लावता तसा जॅक लावा आता.’ वाटेत एका सपाट दगडावर भाकरी सोडल्या. रानात शिरताना बळीरामने बजावलं की वर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. मागे-पुढे झालं तर कुकारा द्यायचा. नुसतं ‘कूऽऽ’, समोरच्यानेही तसंच. मी विचारलं, नाव घेतलं तर काय होतं? म्हणाला, काय होत नाय, डोंगर ठेवून घेतो.

मला गंमत वाटली. यांना काय अवघड, यांना घरीही नाव घ्यायची सवय नाही.

दुपारी माथ्याखालच्या रानात एकदम ढग उतरला. हॅना सोनकी तोडायला मागे राहिली होती. मी कुकारा दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. पुढे कडा होता आणि ती दिसत नव्हती. माझ्या हातून काठी सुटली आणि मी जीव खाऊन ओरडलो, हॅना!

ती दहा पावलांवर करवंदीच्या जाळीमागे होती. फुलं घेऊन हसत आली. कुकारा तिला ऐकूच आला नव्हता.

भामा तिच्याकडे बघेना. माझ्याकडेही बघेना. बळीराम एवढंच म्हणाला, चला, उतरू.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. समोर उघडा कातळ होता, भिंतीसारखा. अशा जागी हाक घुमून परत यायलाच हवी. आमचे कुकारे आले. माझी हाक आली नाही.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

भर दुपारी लॉरीखाली पडलो होतो. पूर्वेकडून, लांबून, आवाज आला: हॅना.

आवाज माझा. मागोमाग टक्क. काठी दगडावर पडल्याचा. रविवारी गडावर मारलेलीच हाक होती ती, तिच्यातल्या धापेसकट.

हॅना पदराला हात पुसत आली. म्हणाली, सॉल, हाक मारलीस? मी हो म्हटलं. पाणी मागितलं. काय सांगणार?

शनिवार, ६ नोव्हेंबर

आज शनिवार, गॅरेज बंद. प्रार्थना करून आलो आणि दोघं अंगणात बसलो. रस्ताही शांत. हाक तीनदा आली. तिसऱ्यांदा ती शेतांच्या अलीकडे होती.

पहिल्या हाकेला मी तिच्यासमोरच बसलो होतो. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते.

सोमवार, ८ नोव्हेंबर

हॅनाने भामाला हाकांचं सांगितलं होतं; बळीराम सासऱ्याला घेऊन आला. म्हातारा दारातूनच बोलला. तिचं नाव आता तुम्ही घेऊ नका. नावाने हाक आली की ती डोंगराची, म्हणजे बाई फसणार नाही. अगे म्हणा, काही म्हणा. मी ठरवलं, पान्याने लोखंडावर दोन ठोके देईन. दोन ठोके म्हणजे मी.

भामा तिला जवळ घेऊन बसली. नेहमीसारखी एकही थट्टा नाही.

दिवे लावताना हॅना म्हणाली, एकदाच, हळू, कानात म्हण. मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग मला इथे कोण—

तिने वात पुढे सारली.

बुधवार, १० नोव्हेंबर

हाक बदलली. घाबरलेली नाही आता. काठी नाही, धाप नाही. घरात मी म्हणायचो तशी. चहा झाला की म्हणायचो तशी. ही हाक मी डोंगरावर कधी मारली नव्हती. मग डोंगराला ती कुठून—

मी कापसाचे बोळे आणले. तिने एका कानात घातला, मग काढून ठेवला. म्हणाली, ठोके ऐकू येणार नाहीत.

खोटं बोलली. ऐकताना तिचा चेहरा मी पाहिलाय. माझ्याकडे पाहून एवढी कधी खुलली नव्हती—

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

हॅना नाही.

शनिवारच्या आधीचा स्वयंपाक करत होती. पीठ अर्धं मळलेलं. चुलीवर भात. मी पुढे इंजिन तपासत होतो, दुपारची वेळ, रस्त्यावर माणसं. दोन ठोके दिले. आली नाही. पुन्हा दिले. मागे गेलो.

मेझुझाला पीठ लागलंय. दोन बोटांचं. ओलं होतं अजून. म्हणजे कोणी ओढून नेली नाही. बोटं लावून, ओठांना टेकवून, नेहमीसारखी, मी बोलावलं म्हणून—

शनिवार, १३ नोव्हेंबर

भामाच्या माहेरची सगळी माणसं रानात. कुकारे चाललेत. उत्तर नाही.

बळीराम म्हणतो, आता तुमीच नाव घ्या, मिस्त्री, आता कसली मनाई. घेईन. वर जाऊन घेईन. पण तिने माझी हाक कशी ओळखायची? ती हाक माझ्याहून मायेची—

सोनकी फडताळावर आहे. सुकली.

आत्ता पूर्वेकडून. माझा आवाज नाही. तिचा. सॉल, म्हणाली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली होती तशी, लाजून. भामाने माझा दंड धरलाय. म्हणते, जाऊ नका.

सगळे विचारतात, ती बाहेर पडली तेव्हा कडी वाजली का? मी त्यांना सांगतोय, वाजलीच नाही. वाजली असणार. मी अंगणापलीकडेच होतो. लॉरी गुरगुरत असतानाही ऐकू यायची ती कडी, आणि काल मला ऐकू आली नाही—