राउटरचा पासवर्ड बदलला आहे

अझीमभाई,

लोट्याहून येशील तेव्हा बांगड्याचं कालवण गरम करून घे. राउटर मात्र बंद करू नकोस, आपल्या घरच्या सर्व्हरवरच्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट त्याच्यामुळेच चालतात.

भाबी नेटवर काय बघते त्याची नोंद राउटरला ठेवायला लाव, असं तू मला सांगितलं होतंस. त्याला हवं ते शिकवता येतं, कठीण काहीच नव्हतं. पण माझा हात चालेना. शेवटी मी भाबीलाच सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्याने मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

नेटवर ती शिकवण्याची नोकरी शोधत होती. लग्नानंतर तू तिला शाळेतली नोकरी सोडायला लावलीस, ते तिच्या मनातून अजून गेलेलं नाही. आज संगमेश्वरच्या एका शाळेत तिची मुलाखत आहे. मी सोबत जाते आहे.

राउटरचा पासवर्ड मी बदलला आहे. हवा असेल तर देईन, पण भाबीसमोर.

संध्याकाळच्या एसटीने परत येऊ. तू स्टँडवर ये. रागावायचं असेल तर माझ्यावर रागव, पण ते घरी आल्यावर. तिला आधी मुलाखत कशी झाली ते विचार.

इरम