उघड्या दारासमोरचा टीव्ही

अहो,

मी टीव्ही बदलून घ्यायला दुकानात चालले. तुम्ही परवा आणलेला ओएलईडी न्यायला माणूस येईल, त्याला अडवू नका. चहा थर्मासात आहे.

त्या टीव्हीत काळा रंग लई गर्द दिसतो, मान्य. पण आपलं दार दिवसभर उघडं असतं, अन् उजेडात त्याच्यात आपलीच तोंडं दिसतात. मी जास्त उजेडाचा, न चकाकणारा साधा एलईडी आणणार.

“दार लावलं की झकास दिसतं,” म्हणत काल तुम्ही दार लावलंत. भूकंपात घर पडल्यापासून तुमच्या आई बंद दाराआड बसत नाहीत. काल तुमच्यासाठी बसल्या. तुम्ही टीव्ही बघत होतात. त्या अर्धा तास छताकडं बघत होत्या.

सुकन्या