मुख्याध्यापकांच्या अंगावरचे ठिपके

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात चारच अंगं टेकली, उरलेली चार टेकली असं समजावं.) लेकीकडची विश्रांती मानवते आहे ना? छातीत पुन्हा दुखलं नाही ना? गोळ्या तिन्ही वेळा घेतोस ना? (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सावकाश दे, मी पुन्हा विचारणार आहे.)

आधी तक्रार, कारण ती गंभीर आहे. इस्पितळात जाताना तू माशांची टाकी माझ्या हवाली केलीस, सोबत अकरा पानी सूचना दिल्यास. पण झाकणाला मूठ नाही, हे त्यात कुठेही नमूद नाही. दिवसातून दोनदा ते नखांनी उचकटावं लागतं. तीस वर्षं मुलांकडून धातुरूपं घोकून घेतली तरी नखं शाबूत होती. तुझ्या सात माशांनी ती महिन्यात संपवली.

आता घडलं ते सांगतो. पंपाचा सोडला तर माझ्या खोलीत प्लग एकच. टाकीचा हीटर काढून तिथे मी टेबलावरचा दिवा लावला, कारण मासे वाचत नाहीत आणि मी वाचतो. शिवाय टाकी ओकीबोकी वाटली म्हणून दोन नवे मासे आणले आणि पिशवीतल्या पाण्यासकट थेट आत सोडले. पाहुण्याला दारात ताटकळत ठेवणं आपल्या घराण्यात नाही. (नवे मासे आधी वेगळे ठेवावेत, हे तुझ्या नवव्या पानावर आहे. मी सहाव्यापर्यंत पोचलो होतो.)

आठवड्याभरात तुझ्या लाडक्या मुख्याध्यापकांच्या (तोंड सतत चालू, ऐकू काही येत नाही, म्हणून तूच ठेवलेलं नाव) अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके दिसू लागले. मला ‘नक्षत्रखचित’ हे विशेषण सुचलं आणि त्या आनंदात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ते दगडावर अंग घासू लागले, तेव्हा तुझी भावजय म्हणाली, “विशेषण पुरे. दुकानात जा.”

मासेवाल्याने मला असं काही फैलावर घेतलं की मी शाळेत असताना कुणाला घेतलं नसेल. हा एक परजीवी किडा; नव्या माशांबरोबर आला आणि पाणी गार पडल्यामुळे मासे हबकले तेव्हा त्याचं फावलं. उपाय असा: हीटर लावून पाणी रोज थोडं थोडं तापवत तीस अंशांपर्यंत न्यायचं, हवेचा पंप चालू ठेवायचा, गाळणीतला कोळसा काढायचा (तो औषधच पिऊन टाकतो), तळाचा गाळ नळीने ओढायचा आणि मोजून औषध घालायचं. नळी मी तोंडाने ओढली. चवीबद्दल विचारू नये.

चौथ्या दिवशी ठिपके गायब! मी टाकीपुढे उभा राहून म्हणालो, “आता बरे आहेत, औषध कशाला?” बाटली फडताळात गेली, प्लगवर पुन्हा दिवा आला आणि ‘मासे ठणठणीत’ असं पत्र तुला रवाना झालं. त्यानंतर पाचव्या दिवशी नऊच्या नऊ मासे ठिपक्यांनी भरले.

मासेवाला कपाळावर हात मारून म्हणाला, “सर, ठिपका गेला म्हणजे किडा मेला नाही हो! तो पिकून खाली पडला. तळाशी त्याची शेकडो पिल्लं होतात, ती पोहत येऊन परत माशाला चिकटतात. औषध लागू पडतं ते त्या पोहणाऱ्यांना. म्हणजे जेव्हा काही दिसत नाही, तेव्हाच ते घालायचं असतं.”

दोन्ही पाहुणे गेले. मुख्याध्यापक एका कोपऱ्यात धापा टाकत होते; कालपासून जेवू लागले आहेत. ठिपके दिसत नाहीत. औषध चालू आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. ‘ठणठणीत’वालं पत्र फाडून टाक.

ता. ता. क. वहिनींचा फोन आला होता. छातीत दुखत नाही म्हणून दहा दिवसांपूर्वी तू गोळ्या कपाटात टाकल्यास आणि “आता बरा आहे, औषध कशाला?” असं म्हणालास. हे वाक्य माझं आहे दादा, त्याचं पुढे काय झालं ते वर लिहिलं आहे. आजच सुरू कर. झाकणाला मूठ मी परवाच बसवून घेतली, तिची तक्रार नाही. माशांचीही आता तितकीशी काळजी नाही. झोप उडाली आहे ती तुझ्यामुळे.