उस्तादांचं सात नंबरचं इंजिन

तीर्थस्वरूप भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (अर्धा वाकून, कंबर अजून पूर्ण साथ देत नाही.) डोळ्यावरची पट्टी निघाली आणि तुम्हाला समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजता आल्या, हे ताईच्या पत्रातून कळलं, बरं वाटलं. म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढतोय. तरी एका दमात वाचू नका, आणि ताईला मोठ्याने वाचायला तर मुळीच देऊ नका. तिला मधली वाक्यं गाळायची सवय आहे, आणि मी जिथे चुकलो ती वाक्यं ती नेमकी दोनदा वाचते. इकडे सगळं ठीक. म्हणजे ही ठीक आहे, मुलगी ठीक आहे, दुकानात शिलाई मशिनी दुरुस्तीला येताहेत. मी तेवढा ठीक नाही. पण त्यावर गोळी मिळत नाही, कारण तो आजार नाही, हेवा आहे. गेले पाच महिने मी एका दंतवैद्याचा हेवा करतोय आणि आता त्याने माझं वजन कमी व्हायला लागलंय. (हिला वाटतं मी रात्रीची पोळी सोडली म्हणून.)

तुम्ही आमच्या मैदानावर एकदाच आला होतात. दहा मिनिटं बघून विचारलंत, एवढं फिरून हे शेवटी निघालं तिथेच उतरतं ना? त्या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं शोधतोय. तर पुन्हा एकदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. विमान हातभर लांब-रुंद, दोन बारीक तारांना बांधलेलं. तारांची दुसरी टोकं आपल्या मुठीत. विमान आपल्याभोवती गोल फिरतं आणि मनगटाच्या हालचालीने वर जातं, खाली येतं, गिरकी घेतं, हवेत चौकोन आणि आठाचा आकडा काढतं. पंच ते बघून गुण देतात. आता यातली गोम अशी, की विमान एकदा हातातून सुटलं की इंजिनाचा वेग आपल्याला कमी-जास्त करता येत नाही. सपाट उडताना त्याने सावकाश गुरगुरावं, नाक वर केलं की आवाज आवळून जोर लावावा, आणि उतरताना पुन्हा निवांत व्हावं, हे इंजिनाला आपलं आपण कळावं लागतं. बहुतेक इंजिनांना कळत नाही. माझ्या इंजिनाला बावीस वर्षांत कळलेलं नाही. ते कारखान्यातलं, शेकडो भावंडांतलं एक. त्याला एकच आवाज येतो, पिठाच्या गिरणीचा. त्याच्यावर मी सहा वेळा चषक आणला, तो माझ्या मनगटामुळे. हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरं कोणी सांगत नाही.

ज्याला कळतं असं इंजिन मी एकाच माणसाकडे पाहिलं. त्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. अवजारांच्या कारखान्यात लेथवर त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हाताने इंजिनं केली, सगळी मिळून नऊ. ओतीव भाग एक नाही. अख्ख्या धातूच्या कांबीतून कोरून काढलेली. बाहेरच्या पातळ पापुद्र्यांवरून नख फिरवलं तर फणीसारखा आवाज येतो. धूर बाजूने न सोडता मागून सोडलाय, आणि आतला दट्ट्या इतरांपेक्षा लांब पल्ला घेतो, म्हणून मोठा पंखा तो घाई न करता फिरवतो. नऊपैकी आठ कुठे कुठे गेली. सात नंबरचं त्यांनी स्वतःजवळ ठेवलं. कारण विचारलं तर म्हणायचे, हे चुकून चांगलं झालंय.

त्या सात नंबरासाठी, भाऊजी, मी चौदा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उस्तादांच्या घरी जातोय. निमित्त त्यांच्या बायकोच्या शिलाई मशिनीचं. ती मशीन इतकी उत्तम आहे की तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. तरी मी दर महिन्याला उघडायचो, पुसायचो, तेल घालायचो. शेवटी काकूंच्या प्रत्येक शिवणीवर तेलाचे डाग पडायला लागले आणि त्या मला बघून कापड झाकून ठेवायला लागल्या. काम संपलं की उस्ताद खण उघडायचे, फलाटीनच्या मऊ कापडातून सात नंबर काढायचे आणि माझ्या तळहातावर ठेवायचे. मी पंख्याचा दांडा एकदा हलकेच फिरवायचो. आतून 'पच्' असा ओला आवाज यायचा. मग ते परत गुंडाळायचे आणि आम्ही चहा घ्यायचो. चौदा वर्षांत मी सुचवायचं काही बाकी ठेवलं नाही. माझं इंजिन आता थकलं असं म्हणून पाहिलं. वस्तू वापरात असली की टिकते असं म्हणून पाहिलं. एकदा तर नवीन विमान घेऊन गेलो, त्याच्या नाकात सात नंबरच्या मापाची जागा सोडलेली, आणि ते त्या खणाशेजारी तासभर ठेवलं. उस्ताद म्हणाले, रंग छान दिलाय.

मग आले दंतवैद्य. दोन वर्षांपूर्वी आमच्या विमानांच्या क्लबात दाखल झाले. गोरे, गुबगुबीत, मऊ हातांचे, आणि बोलताना आपल्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघणारे. शिलाई मशिनींमुळे मला सगळे 'बॉबिन' म्हणतात, हे म्हणतात 'बॉबिनराव'. राव लावून केलेली चेष्टा आहे की आदर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. उडवायला तसे बरे. चौकोन काढायला गेले की कोपरे गोल होतात. उस्तादांची कवळी सैल झाली म्हणून हे माप घ्यायला त्यांच्या घरी गेले. पहिल्या खेपेला माप घेतलं. दुसऱ्या खेपेला कवळी बसवली. उस्तादांनी खुशीत खण उघडला, तर यांनी इंजिन हातात घेऊन सरळ विचारलं, मी हे उडवू का? उस्ताद म्हणाले, उडवा की. आणि दंतवैद्य सात नंबर फलाटीनसकट घरी घेऊन गेले. दोन खेपा, भाऊजी. मी हिशेब केला, माझ्या एकशे अडुसष्ट झाल्या होत्या.

हे मला कळलं ते मैदानावर, ऐकून. मी पाठमोरा बसून तारा पुसत होतो आणि मागून तो आवाज आला. बघायची गरज नव्हती. सपाट उडताना गुरगुर, वर जाताना आवळलेला सूर, उतरताना पुन्हा गुरगुर. सगळे उठून उभे राहिले. मीही उभा राहिलो, कारण बसून राहिलो असतो तर दिसलं असतं. उतरल्यावर मी जाऊन दंतवैद्यांचा हात हलवला आणि म्हणालो, सोनं मिळालंय तुम्हाला. त्यांनी तोंड तपासायचा तो छोटा आरसा खिशातून काढला, धुराच्या तोंडात घातला आणि मला आग्रहाने इंजिन आतून दाखवलं. तेव्हापासून मला त्या आरशाचासुद्धा हेवा वाटतो.

घरी मी काही बोललो नाही. पण एका शिंप्याची मशीन दुरुस्त करून दिली, ती उलटे टाके घालायला लागली, आणि हिने माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं की दाढ दुखते का. नाही म्हटलं. ती म्हणाली, दिसतंय तसंच, तुमच्या क्लबात ते डॉक्टर आहेत ना, त्यांना दाखवा.

आता मुख्य गोष्ट. (इथे चष्मा पुसून घ्या.) मागच्या महिन्यात वार्षिक स्पर्धा झाली. पहिल्या फेरीत मी पुढे होतो, कारण दंतवैद्यांनी इंजिनाला इंधन फार कमी दिलं होतं. इंधन किती जायचं ते एक बारीक सुई ठरवते, तिला खाचा असतात, एकेक खाच 'टिक्' करून फिरते. यांनी भीतीने ती इतकी आवळली होती की सात नंबर सगळा वेळ किंचाळत होतं. शहाण्या माणसाला चिमटा काढल्यावर तो ओरडेल तसं. माझ्या कानांना ते सहन होत नव्हतं, आणि मनातून बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

दुसऱ्या फेरीआधी त्यांचं विमान धरून सोडणारे क्लबातले औषधवाले पोट बिघडून घरी गेले. दंतवैद्य माझ्याकडे आले. "बॉबिनराव, धरता का जरा?" मी धरलं. इंजिन सुरू झालं. ते पाठ करून मैदानाच्या मध्याकडे चालायला लागले, तारांची मूठ उचलायला. वीस पावलं. मी गुडघ्यावर, विमान दोन्ही हातांत, आणि ती सुई माझ्या उजव्या अंगठ्यापासून बोटभर. खोटं सांगत नाही, मनात स्पष्ट होतं की बिघडवायचं. सुई सैल केली की इंजिन इंधनात बुडेल, वर चढताना धापा टाकेल, आणि विमान त्यांच्या समोर येऊन पडेल. नाही, पडू नये असंही वाटलं, कारण त्यात सात नंबर होतं. मी खाचा फिरवल्या. टिक्, टिक्. त्यांनी हात वर केला, मी विमान सोडलं.

भाऊजी, असं इंजिन मी जन्मात ऐकलं नाही. त्या दोन खाचांनी सात नंबरच्या गळ्यावरचा हात निघाला. ते बुडलं नाही, ते बोलायला लागलं. पहिल्याच गिरकीला एका पंचाने पेन्सिल खाली ठेवली. गोल कोपऱ्यांचे चौकोनसुद्धा त्या आवाजात देखणे वाटले. दंतवैद्य साडेतीन गुणांनी पहिले, मी दुसरा. ते उतरल्यावर घामाने निथळत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आज हे पहिल्यांदा बरोबर चाललं. काय झालं असेल हो?" मी म्हणालो, हवा बदलली. आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. माझ्या कामाला मीच, दुसऱ्याच्या नावाने.

उस्ताद कडेला घडीच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मला बोटाने बोलावलं. नवी कवळी, त्यामुळे शब्द फार स्वच्छ येत होते. "दोन फिरवल्यास," ते म्हणाले. "बिघडवायला चार लागतात. हे तुला माहीत आहे."

मी म्हणालो, घाईत दोनच झाल्या.

"घाईत तुझा हात चुकत नाही. चौदा वर्षं बघतोय."

मग मला राहवलं नाही. मी विचारलं, त्यांना दिलंत, मला का नाही? आवाज थोडा चढला असेल, कारण पंचांनी वळून पाहिलं. उस्तादांनी माझ्याकडे खरंच नवलाने बघितलं. म्हणाले, "तू कुठे मागितलंस? मला वाटलं, तुला हातात धरायलाच आवडतं."

घरी आलो आणि जेवून झोपलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तेव्हापासून मी स्वतःशी बोलतोय की उस्तादांचंही चुकलं, चौदा वर्षं येणाऱ्या माणसाला विचारायला काय जातं. हिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, लग्नाच्या वेळीही तुमच्या वतीने ताईंनीच विचारलं होतं. हे ताईला सांगू नका, ती लगेच मान्य करेल.

ताईला नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घाला. उत्तराची वाट बघतो.

तुमचा,
बॉबिन (घरचं नाव लिहवत नाही, ताई वाचून हसेल)

ता. क. हे पत्र घेऊन जे गृहस्थ दारात उभे राहतील, तेच दंतवैद्य. तुमच्या गावी त्यांचं चार दिवसांचं दातांचं संमेलन आहे आणि राहायची सोय होत नव्हती, तेव्हा मी तुमचं नाव सांगून बसलो. खिडकीची खोली द्या. पाकीट मी खळीने दोनदा चिकटवणार आहे. उघडलेलं दिसलं तर चेहऱ्यावर काही दाखवू नका.

ता. क. दोन. खरं काम हे. सात नंबर त्यांच्या बॅगेत असेल, तिथल्या क्लबला दाखवायला नेताहेत. तुम्ही तीस वर्षं कारखान्यात नकाशे काढलेत. ते अंघोळीला गेले की व्हर्नियर घेऊन बाहेरची सगळी मापं टिपा, आणि जमलं तर मागचं झाकण काढून आतलीही. त्यांना अंघोळीला वेळ लागतो, मी चौकशी केली आहे.

ता. क. तीन. वरचं मापांचं काम रद्द. दंतवैद्य आत्ताच पत्र न्यायला आले होते. त्यांना बसायला सांगितलं आणि ते बसायच्या आत मी दोन्ही गोष्टी एकदम बोलून टाकल्या: सुई मी फिरवली, बिघडवायला फिरवली, आणि चार दिवस मला इंजिन द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, या वेळी डोळ्यांकडे. त्यांना लागलं असावं. मग विचारलं, किती खाचा? आणि औषधांच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. नंतर खाली जाऊन बॅगेतून सात नंबरचा डबा घेऊन आले आणि टेबलावर ठेवला. पत्र मात्र पुन्हा उघडून हे लिहावं लागलं, म्हणून पाकिटाची ही दशा, त्यांचा दोष नाही. त्यांना उकडीचं, तेलकट, कशाचाच त्रास होत नाही, सगळं खातात, पोटभर वाढा. डबा समोर आहे. मी दोनदा हात धुऊन आलोय आणि अजून झाकण उघडलेलं नाही.