पूनमचं बाळंतपण आणि काठावरची विहीर

१८ जानेवारी
शाळेतून पाण्यातलं नायट्रेट तपासायच्या पट्ट्या आणल्या. नववीच्या पोरांना तापी तपासून दाखवली. गावाच्या वर, जिथे काठाला नुसतं गवत अन् बाभळी, तिथलं पाणी. मग आपल्या केळीच्या खालचं. दोन्हीकडे पट्टी जवळजवळ पांढरी, म्हणजे नायट्रेट नाहीच. काठावरच्या आपल्या पिण्याच्या विहिरीचंही तसंच. बरं वाटलं. हे म्हणाले, "मग मास्तरीणबाई, पास का आम्ही?"

४ मे
नदी आटली. डोहात शेवाळ, वास. सगळे शहराच्या नाल्याला शिव्या देतात. मीही देते.
लेकीचा, पूनमचा, खंडव्याहून फोन. नवरात्रात दिवस भरतील. पहिलं बाळंतपण, इथेच आणायचं. नाचायचीच बाकी राहिले मी.

१२ जुलै
पाऊस, म्हणून ठिबक बंद; एरवी खत त्यातूनच जातं. ह्यांनी केळीला युरिया हातानंच फेकला. "आभाळ भरलंय, पाऊसच जिरवून देईल."

२८ जुलै
दोन दिवस झड. शेतातून लाल पाणी थेट नदीत. युरियाचं मातीत नायट्रेट होतं, तेच वाहून आलं. वरच्या पाण्यात पट्टी फिकट गुलाबी, आपल्या केळीखाली गडद. विहिरीतही गडद. पुन्हा केली. तीच. आता शहराच्या नाल्याचं नाव कसं घेऊ?

३० जुलै
ह्यांना सांगितलं. "त्यात काय व्हतं? बाळाला उकळून देऊ ना." मी म्हटलं, उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. वरचं दूध द्यायची वेळ आली तर तान्ह्याला हे पाणी विष, बाळ निळं पडतं. "आम्ही काय मेलो का?" म्हणाले. काठच्या चार ओळींना खत नको, तिथे गवत राहू द्या, म्हटलं. "शेजारचा फेकतोच आहे. माझ्या चार ओळींनी तापी सुधरणार आहे का?"

९ ऑगस्ट
पूनमला म्हटलं, तिकडेच राहा. "मम्मी, टेन्शन नको घेऊ. मी तेच पाणी पिऊन मोठी झाली ना? सासूबाई काय बोलतील?" मग विकतच्या पाण्याचा विषय काढला. हे ताटावरून उठले. "तापीच्या काठी राहून पाणी विकत आणू? लोक हसतील." फार वाईट वाटलं. त्यांचंही, माझंही.

२४ ऑगस्ट
पूनम आली. पोट केवढं! आल्या आल्या माठाकडे गेली. ह्यांनी हात धरला. "ते नको, बेटा." मोटारसायकलवरून गोणपाटाखाली झाकून आणलेला विकतच्या पाण्याचा कॅन आत ठेवला होता. स्वतः ग्लास भरून दिला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला रडूच आलं.

चार वाजता शेजारच्या शेतात युरिया फेकणं सुरू झालं. ह्यांनी आपलं पोतं काढून ओट्यावर ठेवलं, तोंड अजून सोडलं नाही. आभाळाकडे बघत बसलेत.